३ कोटी ९ लाखांवरून ३ कोटी १० लाख: भारतीय वाहननिर्मितीची सहा वर्षं

२०२४-२५ संपलं तेव्हा वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने आकडा जाहीर केला. वर्षभरात देशात ३ कोटी १० लाख ३४ हजार वाहनं तयार झाली, आदल्या वर्षापेक्षा नऊ टक्के जास्त. इतकी वाहनं आधी कुठल्याच वर्षी बनली नव्हती, त्यामुळे कुणी 'विक्रमी' म्हटलं तर ते खोटं नव्हतं.

याच संघटनेचं २०१८-१९ चं पत्रक काढून शेजारी ठेवलं की गंमत कळते. तिथला आकडा ३ कोटी ९ लाख १५ हजार. म्हणजे भर पडली सुमारे एक लाख वीस हजार वाहनांची, ०.४ टक्के. आणि ती सहा वर्षांची मिळून.

आता मधलं सगळ्यात खालचं वर्ष धरून मोजा. २०२०-२१ मध्ये उत्पादन २ कोटी २६ लाखांपर्यंत उतरलं होतं. तिथून चार वर्षांत ३७ टक्के वाढ, म्हणजे वर्षाला आठ टक्क्यांहून थोडी जास्त. कुठल्याही अर्थमंत्र्याला भाषणात घालावासा वाटेल असा वेग. दोन्ही हिशेब एकाच तक्त्यातून निघतात आणि दोन्ही बिनचूक आहेत.

उतरण लागण्याआधीची चालही पाहायला हवी. २०१३-१४ मध्ये उत्पादन २ कोटी १५ लाख होतं. पुढच्या पाच वर्षांत ते ४४ टक्क्यांनी वाढलं. तोच वेग टिकला असता तर २०२४-२५ चा आकडा पावणेपाच कोटींच्या घरात गेला असता. अशी सरळ रेघ ओढून केलेली गणितं फार मनावर घेऊ नयेत, धंदा कधी रेघेवर चालत नाही. तरी पावणेपाच आणि तीन यांतलं अंतर इतकं मोठं आहे की ते नुसतं कोविडच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

माझं या प्रकरणातलं म्हणणं थोडक्यात असं: संख्या परत आली, पण गिऱ्हाईक बदललं. २०१८-१९ च्या तीन कोटींत आणि २०२४-२५ च्या तीन कोटींत वेगवेगळ्या घरांसाठी बनवलेल्या गाड्या आहेत.

कोण कुठल्या खात्यात

आधी मोजणीची एक अडचण. सरकारी औद्योगिक वर्गीकरणात वाहननिर्मिती दोन विभागांत वाटलेली आहे. विभाग २९ मध्ये मोटारी, ट्रक, बस, ट्रेलर आणि त्यांचे सुटे भाग. विभाग ३० चं नाव 'अन्य वाहतूक साधनं'. या 'अन्य'मध्ये जहाजं येतात, रेल्वेची इंजिनं आणि डबे येतात, विमानं येतात, सायकली आणि चाकांच्या खुर्च्याही येतात, आणि त्यांच्याच पंगतीला मोटारसायकली आणि स्कूटर बसलेल्या असतात. देशात बनणाऱ्या दर चार वाहनांतली तीन दुचाकी असतात. भारतीय रस्त्यावरचं मुख्य वाहन सरकारी तक्त्यात 'अन्य' आहे.

औद्योगिक उत्पादन निर्देशांक म्हणजे मूळ वर्षाचं उत्पादन १०० धरून पुढचं मोजणारा आकडा. त्याच्या २०११-१२ च्या मालिकेत विभाग २९ चा भार, म्हणजे एकूणातला वाटा, ४.८६ टक्के आहे आणि विभाग ३० चा १.७८. हे भार नगांच्या संख्येवर ठरत नाहीत, त्या उद्योगात किती मूल्याची भर पडते त्यावर ठरतात. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे. पण त्यामुळे होतं असं की दुचाकी मार खात असल्या आणि मोटारी जोरात असल्या, तरी एकत्रित आकडा तब्येत ठीक असल्याचं सांगतो. तीन कोटी वाहनांचा हिशेब करताना म्हणूनच मी निर्देशांक बाजूला ठेवून नग मोजले आहेत.

घसरण कोविडच्या आधीची

उद्योगाला कोविडने खाली आणलं, असं सरसकट बोललं जातं. देशव्यापी टाळेबंदी लागली २५ मार्च २०२० ला, म्हणजे २०१९-२० या आर्थिक वर्षाचा शेवटचा आठवडा तेवढा तिच्या तडाख्यात सापडला. त्या वर्षाचं उत्पादन होतं २ कोटी ६४ लाखांच्या आसपास. आदल्या वर्षापेक्षा ४५ लाखांनी कमी. कोविडच्या खऱ्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, आणखी ३७ लाखांनी घट झाली. निम्म्याहून अधिक घसरण विषाणू यायच्या आधीच होऊन गेली होती.

सुरुवात सप्टेंबर २०१८ मध्ये झाली आणि एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली विम्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष (थर्ड पार्टी) विमा खरेदीच्या वेळीच काढणं सक्तीचं झालं. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाचा हप्ता ७२० रुपये होता. नव्या नियमाने पाच वर्षांचे ३,२८५ रुपये शोरूममध्येच भरावे लागू लागले. कारवाल्याला हा फरक जाणवलाही नसेल. पण पन्नास हजारांची गाडी पाच हजार हातावर ठेवून बाकी हप्त्यांवर घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने 'ऑन रोड' किमतीत वाढलेले अडीच हजार म्हणजे गाडी पुढच्या दिवाळीवर ढकलण्याइतकं निमित्त.

दुसरी गोष्ट कर्जाची. त्याच महिन्यात आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेची देणी थकली आणि बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांना बाजारातून पैसा मिळणं अवघड झालं. तालुक्याच्या गावात दुचाकी, रिक्षा, जुना ट्रक यांना कर्ज देणारी मंडळी बहुतेक याच कंपन्यांची. बँक पगाराची चिठ्ठी मागते, ही माणसं ऊस, दूध, टपरी बघून कर्ज देत. त्यांच्याच गल्ल्यात खडखडाट झाला. शोरूममध्ये गाडी उभी, गिऱ्हाईक उभं, आणि फाइल मंजूर होत नाही, अशी ती अवस्था.

ट्रकचं दुखणं निराळं आणि, खरं सांगायचं तर, जरा मजेशीर. जुलै २०१८ मध्ये केंद्राने आसांवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. १६.२ टनांचा दोन आसांचा ट्रक कायद्याने १८.५ टनांचा झाला, २५ टनांचा तीन आसांचा २८.५ टनांचा. देशातल्या ट्रकांची वाहून नेण्याची क्षमता कागदावर एका झटक्यात वाढली, एकही नवा ट्रक न बनवता. यातला बराचसा माल आधीही 'ओव्हरलोड' म्हणून जातच होता, चेकनाक्यावरचे हिशेब सगळ्यांना ठाऊक आहेत. तरी वाहतूकदाराने नवा ट्रक घ्यायची घाई करायचं कारण संपलं. २०१८-१९ मध्ये देशात १० लाख ७ हजार व्यापारी वाहनं विकली गेली होती, पुढच्या वर्षी ७ लाख १८ हजार.

आणि चौथं कारण, ज्याची चर्चा सगळ्यात कमी झाली असं मला वाटतं: मार्च २०१७ ची धास्ती. १ एप्रिल २०१७ पासून गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारा बीएस-४ (भारत स्टेज-४) हा नियम देशभर लागू होणार होता. बीएस-३ च्या उरलेल्या गाड्या नंतरही विकता येतील अशा समजुतीत कंपन्या होत्या. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, १ एप्रिलनंतर एकही विकायची नाही. त्या घडीला सव्वाआठ लाखांच्या आसपास गाड्या गोदामांत आणि शोरूममध्ये पडून होत्या. ३० आणि ३१ मार्चला दुचाकींवर वीस-बावीस हजारांपर्यंत सूट निघाली, लोक भाजी घ्यावी तशा गाड्या घेऊन गेले. ज्यांनी ते दोन दिवस शोरूमच्या काउंटरच्या आत बसून काढले त्यांना ते विसरता येणं शक्य नव्हतं.

म्हणून पुढची पायरी आली तेव्हा सगळे दुधाने तोंड भाजलेले होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ वरून, मधली पाचवी पायरी गाळून, थेट बीएस-६. ऑक्टोबर २०१८ मध्येच न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकता येणार नाही. या वेळी कंपन्यांनी वर्षभर आधीपासून उत्पादन आवरतं घेतलं. २०१९-२० मधल्या घसरणीतला काही वाटा असा ठरवून केलेला होता. नव्या नियमाच्या दारात जुना माल हातात उरू नये म्हणून.

इतकी काळजी घेऊनही नशीब बघा. साठा संपवायचा शेवटचा आठवडा नेमका टाळेबंदीत गेला. न्यायालयाने आधी उरलेल्यातल्या दहा टक्के गाड्या टाळेबंदीनंतर दहा दिवसांत विकायची मुभा दिली आणि जुलैमध्ये तो आदेशही मागे घेतला.

बीएस-६ ने गाडीच्या पोटात काय बदललं हे समजल्याशिवाय किमतीची गोष्ट समजत नाही. शंभर सीसीच्या मोटारसायकलमध्ये तोवर कार्ब्युरेटर होता, गावातला कुठलाही मेस्त्री स्क्रू ड्रायव्हरने ज्याचं ट्यूनिंग करायचा तो. त्याच्या जागी इंजेक्टर आला, पेट्रोलच्या टाकीत पंप आला, सायलेन्सरवर ऑक्सिजन सेन्सर आला आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणारा छोटा संगणक आला. एक वर्ष आधीच, एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची यंत्रणा सक्तीची झाली होती. प्रत्येक बदल आपल्या जागी रास्त. हवा आणि जीव दोन्ही वाचवणारे. सगळे मिळून मात्र एकाच माणसाच्या खिशावर, दोन वर्षांच्या आत येऊन बसले. २०१८ मध्ये पन्नाशीच्या जरा वर मिळणारी साधी स्प्लेंडर २०२३ पर्यंत पंचाहत्तर हजारांच्या उंबरठ्यावर आली. शोरूमची किंमत हं, रस्त्यावरची वेगळी.

भोसरी, चाकण, वाळूज, नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात ही उतरण एका शब्दात कळते: शेड्यूल. मोठी कंपनी सुटे भाग बनवणाऱ्याला दर महिन्याला कळवते की पुढच्या महिन्यात अमुक पार्टचे इतके नग लागतील. तो आपल्याखालच्या जॉबवर्कवाल्याला कळवतो. वरती दहा टक्के कमी झाले की खाली पंचवीस टक्के कमी होतात, कारण मधला प्रत्येक जण आधी आपल्याकडचा साठा संपवतो. २०१९ च्या पावसाळ्यात पिंपरीपासून तमिळनाडूतल्या होसूरपर्यंत 'ब्लॉक क्लोजर' हा शब्द रोजच्या बोलण्यात आला, म्हणजे महिन्यातले काही दिवस कारखाना ठरवून बंद. कायम कामगाराची रजा कापली जाते, कंत्राटी कामगाराला फोन येणं थांबतं. सप्टेंबरमध्ये अर्थमंत्र्यांनी तरुण पिढी गाडीचे हप्ते भरण्यापेक्षा ओला-उबर पसंत करते असं एक कारण सांगितलं आणि त्यावर भरपूर विनोद झाले. ट्रक कुणी ओलावर बोलवत नाही, हा त्यातला सगळ्यात साधा.

शून्य आणि १३४.४

एप्रिल २०२० मध्ये मारुती सुझुकीने देशात एकही गाडी विकली नाही. मुंद्रा बंदरातून ६३२ गाड्या निर्यात झाल्या तेवढ्याच.

त्या महिन्याचा संपूर्ण औद्योगिक उत्पादन निर्देशांक ५४ वर आला. सांख्यिकी मंत्रालयाने समंजसपणा दाखवून त्या काळात आधीच्या महिन्यांशी तुलना करू नका असं म्हटलं. वर्षभराने, एप्रिल २०२१ मध्ये, निर्देशांक १२६.६ झाला आणि वाढीचा दर निघाला १३४.४ टक्के. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये तो १२६.५ होता. ०.१ चा फरक आणि १३४.४ चा दर, दोन्ही एकाच रकान्यातले. ज्या वर्षाशी तुलना ते वर्षच खड्ड्यात असलं की दर असा फुगतो. याला पायाचा परिणाम म्हणतात, आणि इथे तो इतका ढोबळ होता की कुणी फसलं नाही. खरा धोका नंतर आला. २०२२-२३ मध्ये पाया तितका खोल नव्हता, देशातल्या वाहनविक्रीच्या वाढीचा दर वीस टक्क्यांच्या घरात दिसत होता, आणि तो अगदी खऱ्यासारखा वाटत होता.

चिप नाही म्हणून गाडी नाही

मोटारींची मागणी सगळ्यांच्या अंदाजाआधी परतली. बस, लोकल, शेअर रिक्षा नको वाटू लागल्या होत्या, घरून काम करणाऱ्या पगारदारांचे पैसे साठले होते, व्याजदर उतरलेले होते. कारखाने तयार होते. नडली ती नखाएवढी वस्तू.

२०२० च्या सुरुवातीला वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, चिप बनवणाऱ्यांनी ती क्षमता लॅपटॉप आणि फोनला दिली, आणि गाड्यांची मागणी परतली तेव्हा रांगेत शेवटी उभं राहावं लागलं. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या हिमवादळाने तिथले चिपचे कारखाने बंद पडले, मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने हरियाणा आणि गुजरातमधलं उत्पादन नेहमीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच होईल असं जाहीर केलं. त्या महिन्यात देशातली प्रवासी वाहनांची विक्री १ लाख ६० हजारांवर आली, आदल्या सप्टेंबरात २ लाख ७२ हजार होती.

पुढच्याच महिन्यात, ७ ऑक्टोबरला, महिंद्राने चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही ७०० ची नोंदणी उघडली. ५७ मिनिटांत २५ हजार नोंदण्या. मग वाट बघणं आलं, काही मॉडेलांसाठी वर्ष-वर्षभर. चेतक स्कूटरसाठी नंबर लावून दहा वर्षं थांबलेल्या पिढीला यात काहीतरी ओळखीचं वाटलं असेल. फरक एवढाच की तेव्हा परवान्याने उत्पादन अडवलं होतं आणि गिऱ्हाईक मध्यमवर्गीय कारकून होता.

चिपच्या या टंचाईने एक धडा कंपन्यांना फुकटात दिला. हातात मोजक्याच चिप असतील तर त्या कुठल्या गाडीत घालायच्या? जिच्यावर नफा जास्त तिच्यात. उत्पादन कमी, सवलती बंद, तरी नफ्याचं फार बिघडलं नाही. पोलादाचे भाव चढलेले, सायलेन्सरमधल्या उत्प्रेरकाला लागणारा ऱ्होडियम धातू आकाशाला भिडलेला, अशा काळात स्वस्त गाडी विकण्यात तसंही फारसं उरत नव्हतं. टंचाई संपली, धडा राहिला.

परत आलं ते काय

आता २०१८-१९ आणि २०२४-२५ समोरासमोर ठेवू. प्रवासी वाहनांचं उत्पादन ४० लाख २८ हजारांवरून ५० लाख ६१ हजारांवर गेलं, दहा लाखांची भर. दुचाकी २ कोटी ४५ लाखांवरून २ कोटी ३९ लाखांवर. तीनचाकी १२ लाख ६९ हजारांवरून साडेदहा लाखांवर. व्यापारी वाहनं ११ लाख १२ हजारांवरून १० लाख ३३ हजारांवर. चारांपैकी तीन खाती अजून उणे. एकाच खात्याने बाकीच्यांची तूट भरून काढून बेरीज विक्रमी केली.

त्या एका खात्याच्याही आत शिरावं लागतं. २०१८-१९ मध्ये देशात विकलेल्या ३३ लाख ७७ हजार प्रवासी वाहनांत २२ लाख १९ हजार साध्या कार होत्या आणि ९ लाख ४१ हजार 'युटिलिटी' वाहनं, म्हणजे ज्यांना आपण सगळे एसयूव्ही म्हणतो ती. २०२४-२५ मध्ये एकूण ४३ लाख २ हजारांत कार राहिल्या १३ लाख ५३ हजार आणि युटिलिटी झाल्या २७ लाख ९७ हजार. एसयूव्ही जवळपास तिप्पट, कार साडेआठ लाखांनी कमी. यात थोडी पाटी बदलण्याचीही करामत आहे. चार मीटरच्या आत बसवलेली, छोट्या इंजिनाची, जरा उंच केलेली हॅचबॅकही आज युटिलिटीत मोजली जाते, कारण चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला कर कमी लागायचा आणि लोकांना उंच बॉनेट हवं होतं. ते वजा केलं तरी कल बदलत नाही. रांजणगावला बनणारी नेक्सॉन आणि नाशिकची एक्सयूव्ही थ्रीएक्सओ याच जातीच्या. दुसरीकडे ऑल्टो ८०० सारखं, दुचाकीवरून चौघांच्या कुटुंबाला चारचाकीत बसवणारं मॉडेल २०२३ मध्ये बंद झालं.

दुचाकीचा आकडा तर दिसतो त्याहून वाईट आहे. उत्पादनात तूट सहा लाखांची दिसते, पण त्यात निर्यात मिसळलेली आहे. निर्यात ३२ लाख ८० हजारांवरून ४२ लाखांवर गेली. आफ्रिकेत बजाजच्या बॉक्सर मोटारसायकलला टॅक्सी म्हणून मागणी आहे, लॅटिन अमेरिकेत भारतीय दुचाकी पसरत आहेत, नायजेरियात डॉलरची चणचण झाली तेव्हा मधे हा बाजार आपटलाही होता. निर्यात वगळून फक्त घरची विक्री धरली तर २०१८-१९ मध्ये २ कोटी १२ लाख, आणि २०२४-२५ मध्ये १ कोटी ९६ लाख. तूट पंधरा लाखांहून जास्त. मधे २०२१-२२ मध्ये हा आकडा १ कोटी ३५ लाखांपर्यंत घसरला होता, २०११-१२ च्या पातळीवर. दहा वर्षं पुसली गेली. या काळात विजेच्या स्कूटर आल्या, आकुर्डीला चेतकचा नवा अवतार बनू लागला, २०२४-२५ मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास विजेच्या दुचाकींची नोंदणी झाली. त्या येऊनही ही परिस्थिती.

शेतमजूर, गवंडी, दूध घालणारा, एमआयडीसीतला कंत्राटी पोरगा यांच्या पहिल्या गाडीची किंमत त्यांच्या मजुरीपेक्षा वेगाने वाढली, एवढंच याचं स्पष्टीकरण मला देता येतं. कॉलेजं दीड-दोन वर्षं बंद होती त्याचाही परिणाम झाला असणार, पण तो केव्हाच संपायला हवा होता.

तीनचाकीची गोष्ट उलटी. घरच्या बाजारात रिक्षा ७ लाख १ हजारांवरून ७ लाख ४१ हजारांवर गेल्या आणि तूट पडली ती निर्यातीत, ५ लाख ६८ हजारांवरून ३ लाख ७ हजारांवर. श्रीलंकेने मार्च २०२० पासून वाहनांची आयातच थांबवली, इजिप्तने नोव्हेंबर २०२१ मध्ये टुकटुकच्या भागांची आयात बंद केली. वाळूजच्या एखाद्या प्रेसशॉपमधली दुसरी शिफ्ट कोलंबो आणि कैरोच्या निर्णयांनी बंद होऊ शकते, हे तिथल्या कामगाराला कुणी समजावून सांगत नाही. शिवाय दिल्ली आणि उत्तर प्रदेशातल्या लहान लहान शेडमध्ये जोडल्या जाणाऱ्या ई-रिक्षा या मोजणीत बहुतांशी येतच नाहीत. रस्त्यावर मात्र त्या भरपूर दिसतात.

ट्रकांबद्दल चिंता करायचं कारण कमी. नग घटले, पण वजनाची नवी मर्यादा आणि चांगले महामार्ग यांमुळे वाहतूकदार मोठ्या ट्रकांकडे वळले. सात टक्के कमी ट्रक जास्त टन वाहत असतील तर ती सुधारणाच म्हणायची.

'अन्य' खात्यातली रेल्वे या सगळ्या चढउतारांपासून अलिप्त राहिली, कारण तिथे गिऱ्हाईक एकच आणि त्याचा पैसा अर्थसंकल्पातून येतो. २०२४-२५ मध्ये रेल्वेने १,६८१ इंजिनं आणि ७,१३४ डबे बनवले, दोन्ही आदल्या वर्षापेक्षा जास्त.

यार्डातल्या गाड्या

या सगळ्या आकड्यांबद्दल अजून एक लक्षात ठेवायला हवं. कंपनी ज्याला विक्री म्हणते ती डीलरकडे रवाना झालेली गाडी असते. गिऱ्हाइकाच्या दारात गेलेली नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये डीलरांच्या 'फाडा' या संघटनेने सांगितलं की प्रवासी वाहनांचा ८० ते ८५ दिवस पुरेल एवढा साठा, ७९ हजार कोटी रुपयांचा, त्यांच्याकडे पडून आहे. उत्पादनाच्या तक्त्यात या गाड्या वाढ म्हणून केव्हाच जमा झाल्या होत्या आणि व्याज डीलर भरत होता. ज्या खात्याने विक्रम घडवला त्याच खात्यातला हा साठा, हे विशेष.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कार आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २०१८ नंतर पहिल्यांदाच सरकारी निर्णयाने साध्या दुचाकीची किंमत ठळकपणे कमी झाली. तोवरचे सगळे निर्णय तिला महाग करणारे होते.

दरम्यान औद्योगिक उत्पादन निर्देशांकाच्या नव्या मालिकेसाठी सांख्यिकी मंत्रालयाने २०२२-२३ हे मूळ वर्ष निवडलं. २०११-१२ फार जुनं झालं होतं, बदल हवाच होता, आणि कोविडची दोन वर्षं टाळायची म्हटल्यावर हातात दुसरं फारसं नव्हतंही. पण २०२२-२३ मध्ये देशात दुचाकी बनल्या होत्या १ कोटी ९५ लाख, म्हणजे २०१८-१९ पेक्षा ५० लाखांनी कमी. तेच वर्ष १०० धरून मोजायला लागलं की २०२४-२५ च्या दुचाकी १२३ च्या आसपास दिसतील.